संगणकांतील रस्त्यांची वांटणी

एखादा मनुष्य आपल्या टेबलावरील संगणकांत नवी, वेगवान एसएसडी बसवितो. संगणक सुरू होतो, नवी एसएसडी दिसूं लागते. पण ज्या जुन्या हार्ड डिस्कवर घरांतील वर्षानुवर्षांचीं छायाचित्रें आणि हिशेब ठेवलेले, ती मात्र कोठेंच दिसत नाहीं. ती बिघडली अशी समजूत करून घेऊन तो दुकानाची वाट धरतो. वास्तविक डिस्कला कांहींएक झालेलें नसतें. तिचा रस्ता नव्या पाहुण्याला देण्यांत आला, इतकेंच. हा प्रकार कसा घडतो हें समजण्यासाठीं संगणकाच्या पोटांतील रस्ते किती, व त्यांची वांटणी कशी होते, तें पाहिलें पाहिजे.

१९९२ सालीं आलेल्या पीसीआय पद्धतींत सारीं कार्डें एकाच सामाईक मार्गावर असत. त्याची एकंदर शक्ति सेकंदाला १३३ मेगाबाइट. एक कार्ड बोलूं लागलें म्हणजे इतरांनीं थांबावयाचें. चित्रांचें काम वाढलें तेव्हां १९९७ च्या सुमारास ग्राफिक्स कार्डासाठीं एजीपी नांवाचा वेगळा मार्ग निघाला. पुढें २००४ पासून पीसीआय एक्सप्रेसचे मदरबोर्ड बाजारांत आले, आणि सामाईक मार्गाची कल्पनाच मागें पडली. आतां प्रत्येक कार्डाला स्वतःचा रस्ता मिळूं लागला. या रस्त्याच्या एका पदराला ‘लेन’ म्हणतात. एका लेनमध्यें चार तारा असतात: दोन जाण्याच्या, दोन येण्याच्या. चौपदरी रस्त्यावरून जशी अधिक वाहनें जातात, तशी चार लेनमधून चौपट माहिती जाते. ग्राफिक्स कार्डाला बहुधा सोळा लेन लागतात, एनव्हीएमई जातीच्या एसएसडीला चार.

लेनची शक्ति पिढीगणिक दुप्पट होत गेली. २०१० च्या तिसऱ्या पिढींत एका लेनमधून सेकंदाला सुमारें १ गिगाबाइट माहिती एका दिशेनें जाई. २०१७ च्या चौथ्या पिढींत २, आणि २०१९ च्या पांचव्या पिढींत ४. वेग असा वाढला, पण लेनची संख्या मात्र त्या मानानें वाढली नाहीं. प्रत्येक लेनसाठीं प्रोसेसरच्या तळाशीं टोंकें लागतात, बोर्डावर तारा ओढाव्या लागतात, आणि या दोहोंनाही पैसा पडतो. सर्व्हरसाठीं केलेल्या महागड्या प्रोसेसरांत १२८ लेन मिळतात; घरगुती संगणकाला वीस-चोवीस लेनवरच भागवावें लागतें.

इंटेलच्या २०२१ सालच्या बाराव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरचें उदाहरण घेऊं. त्यांतून पांचव्या पिढीच्या सोळा आणि चौथ्या पिढीच्या चार लेन बाहेर पडतात. सोळा ग्राफिक्स कार्डाला व चार एका एसएसडीला, अशी ही सरळ वांटणी आहे. परंतु पांचव्या पिढीची एसएसडी पूर्ण वेगानें चालवावयाची झाल्यास तिला त्या सोळांतूनच वांटा द्यावा लागतो. त्या सोळांचे भाग आठ-आठ असेच पडूं शकतात. बारा आणि चार असे पडत नाहींत. म्हणून त्या जागीं एसएसडी बसवितांच ग्राफिक्स कार्डाच्या हातीं आठ लेन राहतात, एसएसडी चार वापरते, आणि उरलेल्या चार कोणाच्याच उपयोगीं पडत नाहींत. पांचव्या पिढीच्या आठ लेन चौथ्या पिढीच्या सोळांबरोबर खऱ्या. पण कार्डच चौथ्या पिढीचें असेल तर त्या आठही लेन चौथ्या पिढीच्याच वेगानें चालतात, आणि रस्ता निम्मा होतो.

मग मदरबोर्डावर तीन-चार एसएसडींच्या जागा दिसतात, त्या कोठून येतात? त्यांतील बहुतेक चिपसेट नांवाच्या दुसऱ्या चिपमधून येतात. वरील प्रोसेसरबरोबरच्या झेड ६९० चिपसेटमधून अठ्ठावीसपर्यंत लेन निघतात. मात्र चिपसेट आणि प्रोसेसर यांना जोडणारा दुवा चौथ्या पिढीच्या आठ लेनांएवढाच, म्हणजे सेकंदाला सुमारें १६ गिगाबाइटचा असतो. गल्ल्या पुष्कळ, पण गांवाबाहेर पडण्याची वेस एकच, तशी ही स्थिति. चौथ्या पिढीच्या दोन वेगवान एसएसडी एकाच वेळीं पूर्ण वेगानें चालल्या कीं ती वेस भरते. एरवीं सारे एकदम धांवत नाहींत, म्हणून ही उणीव जाणवत नाहीं.

चिपसेटच्या कांहीं तारांना दोन कामें नेमून दिलेलीं असतात: एकतर त्यांनीं एसएसडीची लेन व्हावें, नाहींतर साटा जातीच्या जुन्या डिस्कचें दार. दोन्ही एकदम साधत नाहीं. आरंभीं ज्याची डिस्क नाहींशी झाली, त्याच्या संगणकांत घडलें तें हेंच. त्यानें डिस्कची तार दुसऱ्या साटा दारांत लावली असती, तर सारीं छायाचित्रें जागच्या जागीं दिसलीं असतीं.

रस्ता निम्मा झाला म्हणून काम निम्म्यानें मंदावतें असें मात्र नाहीं. ग्राफिक्स कार्डाजवळ स्वतःची स्मृति पुरेशी असेल, तर सोळांऐवजीं आठ लेन मिळाल्यानें खेळांत पडणारा फरक बहुधा थोडाच असतो. स्मृति अपुरी असली म्हणजे कार्डाला वारंवार संगणकाच्या मुख्य स्मृतीकडे धांवावें लागतें, आणि तेव्हां अरुंद रस्ता बोचतो. २०२२ सालच्या रॅडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डाला ४ गिगाबाइट स्मृति व चारच लेन होत्या. तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर त्याची चाल स्पष्टपणें मंदावे.

एएमडीनें २०२२ सालीं एएम५ बैठकीच्या प्रोसेसरांत चोवीस वापरण्याजोग्या लेन दिल्या. इंटेलनेंही २०२४ सालीं डेस्कटॉपच्या नव्या प्रोसेसरांत एसएसडीसाठीं पांचव्या पिढीच्या चार लेन वेगळ्या ठेवल्या. तरी एसएसडींची संख्या वाढली कीं कित्येक बोर्डांवर पुन्हां ग्राफिक्स कार्डाच्याच वांट्याला हात लागतो.

स्लॉटच्या लांबीवरून या वांटणीचा अंदाज येत नाहीं. सोळा लेनांएवढ्या लांब स्लॉटांत चारच लेन जोडलेल्या असूं शकतात. बोर्डाबरोबरच्या माहितीपुस्तिकेंत मात्र कोणती जागा भरली असतां कोणती बंद पडते याचें कोष्टक असतें. खरेदीपूर्वीं तें पाहिल्यास पैसे वांचतात. आणि नवी एसएसडी बसविल्यावर जुनी डिस्क दिसेनाशी झाली, तर ती टाकून देण्यापूर्वीं अगोदर तिचा रस्ता तपासावा.