मागणीचे हेलकावे

तान्ह्या मुलांना लंगोट रोज सारखेच लागतात. तरीही अमेरिकेतील प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीकडे येणाऱ्या कागदी लंगोटांच्या घाऊक मागण्या मोठे हेलकावे खात, असे १९९७ साली अभ्यासकांनी नमूद केले. असे का व्हावे?

समजा, प्रत्येक व्यापारी आठवड्याच्या खपाइतका साठा बाळगतो. दुकानातील खप १०० वरून ११० झाला, की साठ्यासाठी १० अधिक धरून दुकानदार १२० मागवतो. त्याच हिशेबाने घाऊक व्यापारी १४० मागवतो. पुढच्या आठवड्यात खप ११०च राहतो. पण घाऊक व्यापाऱ्याचा साठा आता जास्त ठरतो, आणि कारखान्याकडे मागणी येते अवघी १००! १४०च्या भरवशावर घेतलेली यंत्रे थांबतात, मजूर घरी बसतो.

म्हणून कारखान्याची क्षमता मागणीपत्रांवरून नव्हे, दुकानातील प्रत्यक्ष खपावरून ठरवावी. आणि तो आकडा दुकानदाराने मोकळेपणाने कळवावा.