लोण्याच्या जागी ॲव्होकाडो

सकाळची शाळा असलेल्या घरात नाश्त्याला जेमतेम दहा मिनिटे मिळतात. मग मुलांच्या हातात चहा-खारी नाहीतर लोणी-साखर लावलेला पाव येतो. पोट भरल्यासारखे वाटते, पण मधल्या सुट्टीच्या आधीच पुन्हा भूक लागते. अशा सकाळी कधीतरी ॲव्होकाडो टोस्ट करून पाहा.

हे फळ मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. सिडनीत बिल ग्रेंजर यांनी 1993 साली कॅफे सुरू केला, तिथला ॲव्होकाडो टोस्ट पुढे जगभर गाजला. आपल्या देशात कूर्ग, वायनाड, निलगिरी भागांत हे फळ पिकते. तिकडे त्याला ‘बटर फ्रूट’ म्हणतात.

नाव सार्थ आहे. 100 ग्रॅम गरात सुमारे 15 ग्रॅम स्निग्धांश असतो, पण त्यातला बराचसा असंपृक्त, म्हणजे हृदयाला लोण्यापेक्षा बरा. शिवाय सुमारे 7 ग्रॅम तंतू मिळतात, त्यामुळे पोट जास्त वेळ भरलेले राहते. मात्र उष्मांकही 160 च्या आसपास आहेत. म्हणून एका माणसाला अर्धे फळ पुरे. आणि ते लोण्याऐवजी खायचे. खाली लोणी आणि वर ॲव्होकाडो असे केले तर फायदा काय?

दोघांसाठी साहित्य : 1 मध्यम पिकलेले ॲव्होकाडो, गव्हाच्या पावाच्या 4 स्लाइस, अर्धे लिंबू, 1 छोटा कांदा, थोडी कोथिंबीर, अर्धी हिरवी मिरची, मीठ, चिमूटभर जिरेपूड. हवी असल्यास 2 उकडलेली अंडी.

कृती : फळ ओट्यावर ठेवून बीपर्यंत उभी चीर द्या, दोन्ही भाग उलटसुलट पिळून वेगळे करा आणि बी चमच्याने काढा. फळ तळहातावर धरून बीमध्ये सुरी खुपसू नका, हाताला इजा होते. गर काट्याने कुस्करून लगेच लिंबू पिळा, म्हणजे तो लवकर काळा पडत नाही. कांदा, मिरची, कोथिंबीर बारीक चिरून मीठ-जिरेपुडीसह मिसळा. पाव कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा, वर गर पसरा, अंड्याच्या चकत्या ठेवा. गर शिजवू नका, तो कडवट होतो.

फळ घेताना हलके दाबून पाहा. किंचित दबले तर आजच वापरा. कडक असेल तर केळ्याबरोबर कागदात गुंडाळून दोन-चार दिवस बाहेर ठेवा. पिकल्यावरच फ्रिजमध्ये ठेवावे.

पावाकडेही लक्ष हवे. तपकिरी रंग दिसला म्हणजे पाव गव्हाचाच, असे नाही. पाकिटावरच्या घटकांत पहिले नाव मैद्याचे असेल तर तो मैद्याचाच पाव. घरात कुणाला साखरेचा आजार असेल तर हे जरूर वाचा आणि एकाच स्लाइसवर थांबा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच ॲव्होकाडो खावे, कारण त्यात पोटॅशियम बरेच असते.

राहिला प्रश्न किमतीचा. हे फळ महाग आहे, रोज आणणे बहुतेक घरांना परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. रात्री भिजवलेले काबुली चणे सकाळी कुकरला लावा, कुस्करून त्यात हाच मसाला आणि चमचाभर तेल घाला. त्यात तंतू आहेत आणि प्रथिने तर ॲव्होकाडोपेक्षा जास्त. पाव नको असेल तर रात्रीची चपाती तव्यावर कडक करून त्यावर पसरा.