फोन गाडीला कनेक्ट होत नाही? आधी केबल बघा!

कार ॲक्सेसरीजचं दुकान टाकणार असाल, तर हा प्रश्न तुमच्या काउंटरवर येणारच: "फोन चार्ज होतो, पण स्क्रीनवर अँड्रॉइड ऑटो येत नाही. सिस्टीमच बदलायची का?"

लगेच हो म्हणू नका. साध्या यूएसबी डेटा केबलमध्ये 4 तारा असतात: 2 करंटच्या, 2 डेटाच्या. फक्त चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. म्हणून दुकानात खात्रीची एक डेटा केबल ठेवा आणि आधी ती लावून बघा.

नाही चाललं, तर क्रमाने जा. गाडीतला दुसरा पोर्ट बघा. काही पोर्ट नुसते चार्जिंगचे असतात. फोनच्या पोर्टमधली धूळ काढा. जुनं ब्लूटूथ पेअरिंग फोन आणि गाडी दोन्हीकडून डिलीट करून नव्याने जोडा. आयफोनमध्ये सिरी बंद असेल, तर कारप्ले चालत नाही.

केबल विकून फायदा थोडाच होईल, मान्य. पण नवी सिस्टीम बसवून गिऱ्हाइकाने तीच जुनी केबल लावली तर? दुसऱ्या दिवशी तो भांडायला दारात येईल, आणि त्यानंतर कधीच येणार नाही. तपासणीचे पैसे आधी सांगून घ्या, पण निदान खरंच करा.