नकलांनी वाचवलेल्या लढती

१७ मार्च १८९७ रोजी अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या कार्सन सिटी इथं जेम्स कॉर्बेट आणि बॉब फिट्झसिमन्स यांच्यात मुष्टियुद्धातल्या हेवीवेट विजेतेपदाची लढत झाली. चौदाव्या फेरीत फिट्झसिमन्सचा ठोसा कॉर्बेटच्या बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात बसला आणि कॉर्बेटला उठताच आलं नाही. एनॉक रेक्टर या माणसानं रिंगलगतच्या खोपट्यात तीन कॅमेरे ओळीनं मांडून ही लढत टिपली. फिल्म भरली सुमारे अकरा हजार फूट. मे महिन्यात ती न्यूयॉर्कमध्ये पडद्यावर आली तेव्हा खेळ शंभर मिनिटांहून अधिक चालला, आणि चित्रपट म्हणजे मिनिटभराची गंमत असं समजण्याचा तो काळ होता. आज या चित्रपटाचे काही तुकडेच हाती आहेत. त्याआधी, १८९४ मध्ये, एडिसनच्या स्टुडिओत लेनर्ड आणि कुशिंग यांच्या सहा फेऱ्या चित्रित झाल्या होत्या. त्यांतलं तर मिनिटभरही उरलेलं नाही. एवढ्या गाजलेल्या चित्रफिती गेल्या कुठे, या प्रश्नाला ठरलेलं उत्तर असतं: नायट्रेट फिल्म होती, जळली किंवा कुजली. हे उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. त्या काळातली बहुतेक सगळी फिल्म नायट्रेटचीच होती. मग एक लढत का गेली आणि दुसरी का राहिली, हे नायट्रेट सांगत नाही. माझ्या मते त्याचं कारण नकलांमध्ये सापडतं. जिच्या प्रती ठिकठिकाणी पसरल्या ती लढत टिकली. मालकानं जी घट्ट मुठीत ठेवली ती त्याच मुठीत संपली.

रेक्टरची फिल्म ६३ मिलिमीटर रुंद होती, म्हणजे सर्रास वापरल्या जाणाऱ्या ३५ मिलिमीटरच्या जवळजवळ दुप्पट. रिंग आणि प्रेक्षक एका चौकटीत मावावेत हा त्यामागचा एक हेतू. परिणाम मात्र असा झाला की ही फिल्म त्याच्या व्हेरिस्कोप कंपनीच्या यंत्रावरच चालायची. उरलेले तुकडे पाहिले तर रिंगच्या कडेवर मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव आणि कॉपीराइटची सूचना रंगवलेली दिसते. दोन माणसं एकमेकांना बडवताहेत आणि त्यांच्या पायांखाली मालकीची पाटी आहे. धंद्याच्या दृष्टीनं ही खबरदारी रास्त होती. पण कंपनीचे दौरे आटोपले, ती यंत्रं अडगळीत गेली, आणि फिल्म कोणाकडे असली तरी ती चालवायची कशावर, हा प्रश्न उरला. उलट ४ जुलै १९१० ला रीनो इथं झालेली जॅक जॉन्सन आणि जिम जेफ्रीज यांची लढत साध्या ३५ मिलिमीटरवर होती. कृष्णवर्णीय विजेत्यानं गोऱ्या माजी विजेत्याला लोळवल्याचं दृश्य म्हणून अमेरिकेतल्या अनेक शहरांनी ती दाखवायला बंदी घातली. तरीही ती टिकली, कारण तिच्या प्रती देशोदेशी गेल्या होत्या. कागदाचा दाखला तर याहून बोलका आहे. १९१२ पर्यंत अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात चित्रपट हा प्रकारच नव्हता, म्हणून निर्माते फिल्मची चित्रं कागदाच्या लांब पट्ट्यांवर छापून ‘छायाचित्रं’ म्हणून नोंदवत. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पडून राहिलेल्या या पट्ट्यांवरून पुढे केम्प नायव्हर यांच्या देखरेखीखाली तीन हजारांवर चित्रपट पुन्हा फिल्मवर उतरवले गेले. त्यांतल्या कित्येकांची मूळ फिल्म केव्हाच नष्ट झाली होती.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. नकलांबरोबर खोटेपणाही येतो. फिलाडेल्फियाच्या सिगमंड लुबिननं कार्सन सिटीची लढत रेल्वेच्या दोन हमालांकडून वठवून घेतली आणि वर्तमानपत्रातल्या वर्णनाबरहुकूम त्यांना ठोसे मारायला लावले. अशा फिती खऱ्यांत मिसळल्या, आणि त्यामुळे आजच्या शोधाचं निम्मं काम डबा सापडल्यावर सुरू होतं: फिल्मची रुंदी, कडेच्या भोकांची ठेवण, रिंगचे खांब, प्रेक्षकांची गर्दी ताडून पाहावी लागते. पण खोटी नक्कल ओळखता येते. नसलेल्या फिल्मपुढे कुठलीच कसोटी चालत नाही.

दुसरा आक्षेप असा की निकाल तर वर्तमानपत्रांत छापून आला आहे, मग चित्रं कशाला हवीत? याला उत्तर ५ एप्रिल १९१५ च्या हवाना इथल्या लढतीत मिळतं. सव्विसाव्या फेरीत जेस विलर्डनं जॉन्सनला खाली पाडलं. त्या क्षणाचा एक फोटो जगभर गाजला: जॉन्सन उताणा पडलाय आणि हात डोळ्यांवर धरलाय, जणू ऊन लागू नये म्हणून. पुढे जॉन्सननं स्वतःच सांगितलं की ही लढत आपण ठरवून हरलो, आणि तो फोटो पुरावा म्हणून पुढे आला. ही चित्रफीत कित्येक दशकं नाहीशी झाली होती. १९६०च्या दशकात ती मिळाली तेव्हा आधीच्या फेऱ्यांत जिंकण्यासाठी मनापासून लढणारा आणि मग उन्हात थकत गेलेला जॉन्सन दिसला. एका फोटोवर उभी राहिलेली कहाणी चित्रफितीसमोर डळमळली. ती इतकी वर्षं दिसेनाशी का झाली, हेही विसरू नये. १९१२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसनं मुष्टियुद्धाच्या फिल्म परदेशातून आणायला आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला मनाई केली. काळा विजेता पडद्यावर नको, ही त्यामागची मोठी प्रेरणा होती. कायदा १९४० पर्यंत राहिला. १९१६ मध्ये एका कंपनीनं कॅनडाच्या सीमेवर पलीकडे प्रोजेक्टर आणि अलीकडे कॅमेरा ठेवून फक्त प्रकाश सीमेपार आणला आणि हवानाच्या फिल्मची नक्कल काढली. न्यायालयानं तीही बेकायदा ठरवली.

हवानाची फिल्म मिळवणारा जिम जेकब्ज हा हँडबॉलचा विजेता. त्यानं आणि बिल केटन यांनी जुन्या लढतींचा जगातला सर्वांत मोठा संग्रह उभा केला, आणि १९९८ मध्ये तो ईएसपीएननं विकत घेतला. खाजगी पैसा आणि खाजगी ध्यास नसता तर यातलं बरंच हाती लागलं नसतं, हे निर्विवाद आहे. तरी एकाच कंपनीच्या तिजोरीत गेलेला संग्रह पुन्हा त्या जुन्या मुठीत जातो. सार्वजनिक संग्रहालयांत त्याच्या प्रती असायलाच हव्यात.

आपल्यासाठी ही दूरची गोष्ट नाही. १८९९ मध्ये हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती चित्रित केली. भारतीय माणसानं घेतलेल्या अगदी पहिल्या चित्रफितींत तिची गणना होते, आणि तीही एका लढतीचीच. फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली, इतकी साधनांची वानवा. नकला काढून गावोगावच्या खेळवाल्यांना विकण्याची सोय कुठली असणार? ती कुस्ती आज कुठेही नाही. २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत जुने भारतीय चित्रपट जळाले, तेव्हा ज्यांच्या प्रती आधीच काढल्या होत्या तेवढेच वाचले. म्हणून विनंती एवढीच आहे: जुन्या वाड्यात, बंद पडलेल्या थिएटरात, टूरिंग टॉकीजच्या सामानात गंजलेला रिळाचा डबा दिसला तर तो भंगारात देऊ नका, हौसेनं प्रोजेक्टरवर चढवू नका, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा आणि त्याची प्रत निघेल असं पाहा.