विश्लेषण : मेटल डिटेक्टर वाजला, पण नाणे नेमके कुठे? ‘पिनपॉइंटर’ निवडताना काय पाहावे?

मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील असीरगड परिसरातल्या शेतांत रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन मोगलकालीन नाणी शोधणाऱ्यांच्या चित्रफिती देशभर फिरल्या. ‘छावा’ चित्रपटानंतर सोन्याच्या नाण्यांची चर्चा पसरली आणि लोक खणत सुटले. ब्रिटनमध्ये मात्र मेटल डिटेक्टिंग हा रीतसर छंद आहे. तिथल्या बहुतेक छांदिष्टांच्या कमरेला गाजराएवढे एक उपकरण लटकलेले असते, ते म्हणजे पिनपॉइंटर. आता ते भारतातील ऑनलाइन दुकानांतही दिसते. ते करते काय, कोणते घ्यावे आणि आपल्याकडे ते वापरता येते का?

मोठा डिटेक्टर असताना हे कशाला?

डिटेक्टरची चकती बरेचदा ११ इंचांच्या आसपास असते. ती वाजली, की खाली काहीतरी आहे एवढेच कळते. खणल्यावर हाती येते मातीचे ढेकूळ. नाणे त्याच मातीने माखलेले, त्याच रंगाचे. समोर असून दिसत नाही. मग माणूस आणखी खणतो, आणि फावड्याचा एक घाव कडेला बसला की शेकडो वर्षे टिकलेली वस्तू कायमची बिघडते. तो घाव टाळणे हे पिनपॉइंटरचे खरे काम. खड्ड्यात त्याचे टोक फिरवायचे; धातू जवळ आला की ते थरथरते किंवा वाजते.

आत फेराइटच्या कांडीवर तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून बदलता विद्युतप्रवाह गेला की टोकाभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. धातू या क्षेत्रात आला की त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह सुरू होतात आणि वेटोळ्याला तो बदल जाणवतो. मॉलच्या दारात सुरक्षारक्षक अंगावरून फिरवतो ती पट्टी याच घराण्यातली, पण ती रुंद भाग तपासण्यासाठी असते. नेमका बिंदू दाखवणे हे तिचे काम नाही. ऑनलाइन शोधताना दोन्ही एकाच यादीत येतात, तेव्हा फोटो नीट पाहावा.

आधी जमीन, मग मॉडेल

कोणता पिनपॉइंटर चांगला, यापेक्षा तो कुठे वापरणार हा प्रश्न आधी विचारावा. कोरड्या शेतासाठी ‘व्हीएलएफ’ म्हणजे कमी वारंवारतेवर चालणारा नेहमीचा प्रकार पुरतो. अमेरिकी गॅरेट कंपनीचा नारिंगी ‘प्रो-पॉइंटर एटी’ याच गटातला. छांदिष्ट त्याला लाडाने ‘कॅरट’ म्हणतात. पण समुद्रकाठच्या ओल्या, खारट वाळूतून वीज वाहते, आणि त्यामुळे असे उपकरण विनाकारण किरकिर करू शकते. तिथे ‘पल्स इंडक्शन’ प्रकार शांत राहतो. तुर्कस्तानच्या नोक्टा कंपनीचा ‘पल्सडाइव्ह’ त्यातला. तो ६० मीटर खोल पाण्यातही चालतो. गॅरेटची मर्यादा सहा मीटर. ओढ्यात हात घालण्यापुरती तीही भरपूर आहे. डुबकी मारणार नसाल तर ६० मीटरचे पैसे मोजू नयेत.

नंतर पल्ला. जाहिरातीत उपकरण मोठ्या लोखंडी तुकड्यावर धरून लांबूनच वाजवून दाखवतात. नाण्याएवढ्या वस्तूसाठी चार-पाच सेंटीमीटर पल्ला मिळाला तरी पुरे. जास्त संवेदनशील उपकरण अख्खा खड्डाच ‘वाजतोय’ असे सांगते, म्हणजे आपण पुन्हा मूळ जागी. म्हणून संवेदनशीलता कमी-जास्त करण्याची सोय आणि धातूजवळ बटण दाबून क्षेत्र आक्रसून घेण्याची सोय, या दोन गोष्टी मला सर्वांत मोलाच्या वाटतात. लोखंड आणि इतर धातूंसाठी वेगळा सूर देणारी मॉडेलही मिळतात. पण खणून झालेच असेल, तर तो सूर ऐकण्याआधी वस्तू हातात येते.

आवाजासोबत कंपनही हवे, कारण वाऱ्यात बझर ऐकू येत नाही. गवतात विसरलेले उपकरण स्वतःहून वाजू लागण्याची सोयही हवी. मल्टिमीटरमध्ये असते ती चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी चालणारे मॉडेल असेल, तर ती तालुक्याच्या दुकानातही मिळते. आणि हो, नामांकित पिनपॉइंटरच्या हुबेहूब नकला बाजारात आहेत. निम्म्याहून कमी किमतीत ‘ओरिजिनल’ म्हणून मिळत असेल, तर अधिकृत विक्रेत्याचे बिल आणि वॉरंटी मागावी.

हातोडा शोधायला गेले आणि...

नोव्हेंबर १९९२ मध्ये इंग्लंडमधील सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावात एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. तो शोधण्यासाठी त्याचा मित्र डिटेक्टर घेऊन शेतात गेला आणि त्याच्या हाती लागला रोमन काळातला ठेवा : सुमारे १५ हजार सोन्या-चांदीची आणि ब्राँझची नाणी, शिवाय चांदीचे चमचे आणि दागिने. काही वस्तू वर काढल्यावर त्याने खणणे थांबवले आणि खबर दिली. त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना कोणती वस्तू कुठे कशी ठेवली होती, हेही नोंदवता आले. हातोडाही सापडला, तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. खड्ड्याच्या भिंतीतून पिनपॉइंटर पुन्हा पुन्हा वाजू लागला, तर खाली एकटे नाणे नाही, एवढा अंदाज येतो. हात आवरायचा तो तिथेच.

आपल्याकडे कायदा काय सांगतो?

ब्रिटनमध्ये ‘ट्रेझर’ ठरू शकणारी वस्तू १४ दिवसांत कळवावी लागते. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, शिवाय आपला वाटाही जातो. जमीन स्वतःची असली तरी सुटका नाही. संरक्षित गड-किल्ले आणि स्मारकांवर परवान्याशिवाय उत्खनन हा गुन्हाच. तिथे उपकरण कितीही महागाचे असले तरी ते पिशवीतून बाहेर काढू नये.

मग इथे त्याचा उपयोग काय? भात लावताना चिखलात गेलेली अंगठी, अंगणात पडलेले कानातले, जुन्या वाड्याच्या लाकडातले खिळे. लाकडाच्या वखारीत तर हे उपकरण लगेच पैसे वसूल करते. ओंडक्यात राहिलेला एक खिळा करवतीचे दाते मोडतो, म्हणून कापण्याआधी ओंडक्यावरून टोक फिरवावे. पल्ला काही सेंटीमीटरचाच असल्याने वरचे खिळे सापडतील. गाभ्यात रुतलेल्यांसाठी मोठ्या चकतीचा डिटेक्टर लागतो.