एक महानगर, दोन जिल्हे

गिरगांवांत राहणाऱ्या गृहस्थाला "आपला जिल्हा कोणता?" असें विचारलें, तर तो "मुंबई" असें सांगेल. कुर्ल्याचा गृहस्थही तेंच सांगेल. दोघांचेंही उत्तर अपुरें आहे. दोघांची महानगरपालिका एक, पण जिल्हे निराळे. आणि माहीम व शीव यांच्या पलीकडे पाऊल टाकतांच जिल्हा बदलतो.

ही सीमा मूळची निसर्गानें आखलेली आहे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, वरळी आणि माहीम हीं सात बेटें बांध व भराव घालून जोडलीं गेलीं, तेव्हां शहर एकसंध झालें. उत्तरेस साष्टीचें मोठें बेट आणि मध्यें माहीमची खाडी. शीवकडून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं आणि माहीमकडून १८४५ सालीं बांधरस्ते झाले. खाडी ओलांडली गेली, हद्द मात्र राहिली.

'उपनगर' हा शब्द त्यानंतर सारखा उत्तरेकडे सरकत आला आहे. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ सालीं, सिटी इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें दादर-माटुंगा भागांत सरळ रस्ते व हवेशीर वसाहती आखल्या. तेव्हां गिरगांवकरांच्या लेखीं दादर हेंच उपनगर होतें. पुढें महानगरपालिकेची हद्द १९५० सालीं अंधेरी व घाटकोपरपर्यंत आणि १९५७ सालीं दहिसर व मुलुंडपर्यंत गेली. १ ऑक्टोबर १९९० रोजीं मुंबई शहर व मुंबई उपनगर असे दोन जिल्हे झाले. एका शहरांत अनेक जिल्हे ही गोष्ट जगावेगळी नाहीं. न्यूयॉर्क शहरांत पांच काउंट्या आहेत; परंतु तेथें प्रत्येक काउंटीचा सरकारी अभियोक्ता लोक निवडून देतात, तर आपला जिल्हाधिकारी सरकार नेमतें.

मग कोणतें काम कोणाकडे? जमीन, महसूल आणि जातीचे दाखले हीं कामें जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेकडे. पाणी, गटारें, शहरांतील बहुतेक रस्ते, जन्ममृत्यूची नोंद हीं कामें १८८८ च्या कायद्यान्वयें महानगरपालिकेकडे. दोन्ही जिल्ह्यांत जिल्हा परिषद नाहीं. पालिकेचीं विभाग-कार्यालयें वेगवेगळीं आहेत. गिरगांवचा बराच भाग डी विभागांत, परळ-लालबाग एफ दक्षिणेंत. दादरला तर पश्चिमेस जी उत्तर आणि पूर्वेस बव्हंशीं एफ उत्तर. रेल्वेचा पूल ओलांडला कीं अर्ज देण्याची जागा बदलते.

नगरसेवक २२७, पण कारभार चालविणारे आयुक्त राज्य सरकारनें नेमलेले असतात. मार्च २०२२ मध्यें नगरसेवकांची मुदत संपली. त्यानंतर दीर्घकाळ निवडणूक न झाल्यामुळें सर्व अधिकार प्रशासकाच्याच हातीं राहिले. नळाला पाणी येत नसेल तर ज्याला जाब विचारावा असा निवडून दिलेला माणूस त्या काळांत नव्हता, ही गोष्ट साधी नव्हे.

हद्दीचें महत्त्व चाळींतल्या बिऱ्हाडांना अधिक जाणवतें. १९६९ च्या कायद्यानें शहरांतील जुन्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्ती-उपकर बसविला व त्यांच्या दुरुस्तीसाठीं मंडळ नेमलें. आज तें म्हाडाच्या अधीन आहे. १ सप्टेंबर १९४० पूर्वींच्या इमारती त्यांतील पहिल्या वर्गांत येतात. लालबागच्या जीर्ण चाळीला या मंडळाचा आधार मिळतो. खाडीपलीकडे वांद्र्यांत तितक्याच जुन्या इमारतीला तो मिळत नाहीं. तडा दोन्ही भिंतींना सारखाच जातो, कायदा मात्र वेगळा लागतो.

शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ सालीं ३३,३८,०३१ होती. २०११ सालीं ती ३०,८५,४११ झाली. त्याच वर्षीं उपनगर जिल्ह्यांत ९३,५६,९६२ माणसें होतीं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, जागांचे भाव चढले, आणि परळ-गिरगांवचीं कुटुंबें बोरिवली-डोंबिवलीकडे गेलीं. जे येथें राहिले आहेत आणि जे पलीकडे गेले आहेत, त्या दोघांनींही आपला विभाग, आपला प्रभाग व आपल्या इमारतीचा वर्ग या तीन गोष्टी माहीत करून घ्याव्या. अर्ज योग्य दारीं पोंचणें ही नागरिकाच्या हक्काची पहिली पायरी आहे.