प्रेस्बिटेरियन मंडळीचा वार्षिक क्रम आणि दुष्काळातील लोकसेवा



सोलापुराहून रायचुराकडे जाणारी गाडी होटगीस पोहोचली म्हणजे तेथून विजापूर-गदगचा फाटा फुटतो. हा फाटा दुष्काळाचे अपत्य आहे. १८७६ ते १८७८ या सालांतील महादुष्काळात दक्षिण व पश्चिम हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली असे मानतात. पुढे अशा प्रसंगी धान्य लवकर पोहोचावे म्हणून जे लोहमार्ग बांधण्याचे ठरले, त्यांपैकी हा एक होय. तो बांधणारी सदर्न मराठा रेल्वे कंपनी १८८२ साली स्थापन झाली, आणि १८८४ साली हा मार्ग सुरू झाला.

धान्य वाहून नेण्याची सोय झाली, तथापि दुष्काळाचे दुःख तेवढ्याने संपले नाही. १८८० सालच्या दुष्काळ कमिशनाने स्पष्ट दाखवून दिले होते की, पीक बुडाले म्हणजे शेतमजुराची मजुरी बुडते आणि बाजारात धान्य असूनही ते घेण्यास त्याच्यापाशी पैसा उरत नाही. तेव्हा स्टेशनावर गोण्या उतरल्या तरी कोणाच्या घरची चूल किती दिवस पेटली नाही, कोणती विधवा लाजेने दारात येत नाही, कोणत्या म्हाताऱ्यास कामावर जाण्याचे त्राण नाही, ही माहिती रेल्वेस नसते. ती सरकारी कचेरीसही उशिरा कळते. ती शेजाऱ्यांस असते. मात्र शेजाऱ्यांच्या माहितीस शिस्त, वेळापत्रक आणि हिशेब यांची जोड नसेल तर ती माहिती व्यर्थ जाते.

ही जोड कशी देता येते याचा एक नमुना ख्रिस्ती समाजाच्या प्रेस्बिटेरियन पद्धतीच्या मंडळ्यांत सापडतो. त्यांच्या धर्ममतांचा विचार येथे कर्तव्य नाही. देणगी कशी गोळा होते, कोणाच्या हाती राहते व कोणास पोहोचते, एवढाच प्रश्न आपणांपुढे आहे.

मंडळीची घटना

'प्रेस्बिटेरियन' हा शब्द वडीलधारा या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला आहे. मंडळीचा कारभार एकट्या पाळकाच्या हाती नसून सभासदांनी निवडलेले वडील व पाळक मिळून तो चालवितात. गावपंचांची चाल ज्यांस ठाऊक आहे त्यांस ही रचना समजण्यास अडचण पडणार नाही. वडिलांखेरीज डीकन म्हणून दुसरे सेवक असतात, आणि गोरगरिबांची तरतूद हे त्यांचे मुख्य काम.

जिनिव्हा शहरात कॅल्व्हिनने १५४१ साली जे नियम घालून दिले, त्यांत या सेवकांचे दोन वर्ग केले होते. एका वर्गाने गरिबांसाठी आलेले द्रव्य स्वीकारावे, सांभाळावे व त्याचा हिशेब ठेवावा. दुसऱ्याने आजारी व निराधार यांची प्रत्यक्ष शुश्रूषा करावी. तिजोरी सांभाळणारा आणि वाटप करणारा एकच असला म्हणजे पुढे काय होते, हे न्यायालयात उभे राहिलेल्या प्रत्येक वकिलास सांगता येईल. ही विभागणी द्रव्याच्या व दात्याच्या, दोघांच्याही रक्षणासाठी आहे.

स्कॉटलंडात ही पद्धत दीर्घकाळ राष्ट्रव्यापी होती. १८४५ सालचा गरिबांविषयीचा कायदा होईपर्यंत तेथील निराधारांची व्यवस्था मुख्यत्वे गावोगावच्या मंडळ्यांकडे असे. डॉ. टॉमस चामर्स यांनी ग्लासगो शहरातील सेंट जॉन पॅरिशमध्ये १८१९ साली केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. सुमारे दहा हजार वस्तीचे त्यांनी पंचवीस भाग पाडले, प्रत्येक भागावर एक डीकन नेमला, आणि प्रत्येक अर्जदाराच्या घरी स्वतः जाऊन चौकशी केल्यावाचून मदत द्यावयाची नाही असा नियम केला. गरिबास फार काटकसरीने दिले जाई व सारी योजना चामर्स यांच्या व्यक्तिगत तेजावर चालली, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला. तो अगदीच निराधार नव्हता. योजना १८३७ साली बंद पडली. तरीही ज्याच्या त्याच्या वाट्यास ओळखण्याजोगी थोडी घरे द्यावीत हे तत्त्व पुढे अनेक शहरांतील धर्मादाय संस्थांनी उचलले.

वर्षाचा क्रम

जुन्या प्रेस्बिटेरियन शिस्तीत सण फारसे नव्हते. वेस्टमिन्स्टर येथे तयार होऊन १६४५ साली स्वीकारलेल्या उपासनाविधीत रविवाराखेरीज दुसरा पवित्र दिवस मानलेला नाही. दोन प्रकारचे प्रासंगिक दिवस मात्र त्यांनी राखून ठेवले: संकट आले असता उपवासाचा दिवस, आणि संकट टळले वा कृपा झाली असता उपकारस्तुतीचा दिवस. म्हणजे त्यांचे धार्मिक वर्ष पंचांगापेक्षा पाऊसपाण्याशी अधिक जोडलेले होते. पुढे नाताळ, ईस्टर इत्यादी सण या मंडळ्यांतही रूढ झाले.

मराठी मुलखात या क्रमास आपल्या शेतीचे रूप आले. आपल्याकडील ख्रिस्ती मंडळ्यांत कापणीचा सण म्हणून एक दिवस पाळतात. त्या दिवशी कणसे, धान्य, भाजीपाला, अंडी, कोंबडी, क्वचित शेळीही, ज्याच्या घरी जे पिकले ते उपासनेच्या जागी आणून ठेवतात. उपासना संपल्यावर त्याच वस्तूंचा लिलाव होतो, आणि आलेली रक्कम मंडळीच्या निधीत जमा होते. ज्याच्यापाशी रोकड नाही तोही या रीतीने दाता ठरतो, व ज्याच्यापाशी रोकड आहे तो चार आण्यांच्या वांग्यांस रुपया बोलून आनंदाने देतो. संध्याकाळी भजन-कीर्तन असते.

आता हा क्रम सोलापूर जिल्ह्याच्या हंगामाशी ताडून पाहावा. येथील पर्जन्यमान सरासरी बावीस इंचांच्या आसपास, आणि शाळू ही मुख्य भिस्त. पेरणी भाद्रपद-आश्विनात, नाताळाच्या सुमारास हुरडा, माघ-फाल्गुनात काढणी व खळी, त्यापाठोपाठ ईस्टर. हस्ताचा पाऊस चुकला म्हणजे फाल्गुनात खळ्यावर काय येणार हे शेतकऱ्यास तेव्हाच कळते. याचा अर्थ दुष्काळ आपणांस सुमारे पाच-सहा महिन्यांची नोटीस देऊन येतो. ज्या समाजाने सुगीच्या दिवशी काढून ठेवण्याची आणि संकटाच्या चाहुलीस एकत्र बसण्याची सवय आधीच लावून घेतली, त्यास ही मुदत उपयोगी पडते. बाकीच्यांची ती आकाशाकडे पाहण्यात जाते.

मूठभर धान्य

आसामच्या दक्षिणेस मिझो लोकांचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील प्रेस्बिटेरियन मंडळ्यांतील स्त्रियांनी १९१० साली एक प्रघात सुरू केला. स्वयंपाकास तांदूळ काढताना एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकावयाची, आणि ती साठवण ठरल्या वेळी मंडळीकडे पोहोचवावयाची. यास तिकडे 'बुहफाई थाम' म्हणतात. पुढल्याच साली बांबूस फुलोरा येऊन उंदरांचा सुळसुळाट झाला व त्या प्रदेशात 'मौताम' नावाचा दुष्काळ पडला. अशा काळातही प्रघात टिकला, आणि आज शंभरांहून अधिक वर्षे लोटल्यावरही तो त्या मंडळ्यांचा मोठा आधार आहे.

मुष्टिफंड आपल्या लोकांस नवा नाही; पुष्कळ शाळा व मठ अशा मुठींवर उभे राहिले. त्याचे सामर्थ्य किती हे व्यापारी मंडळींनी आकड्यांनी पाहावे. एक मूठ ज्वारी पन्नास ग्रॅम धरली तर एका घरची वर्षाची साठवण अठरा किलोंहून थोडी अधिक होते. शंभर घरांची मिळून अठरा क्विंटल भरते. दर माणशी रोज अर्धा किलो धरले तर एवढ्या धान्यात चाळीस माणसे तीन महिने जगतात. एका लहान गावातील अगदी निराधार माणसांची संख्या बहुधा याहून फार मोठी नसते, आणि देणाऱ्या घरास त्या मुठीची उणीव जाणवतही नाही.

महाराष्ट्रातील कार्य

सोलापूर व अहमदनगर येथील जुन्या मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे काँग्रिगेशनल पद्धतीच्या होत्या. प्रेस्बिटेरियन कार्याची दोन ठाणी त्यांच्या दोन बाजूंस होती. दक्षिणेकडील कोल्हापुरास रॉयल वाइल्डर यांनी १८५२ साली आरंभिलेले काम १८७० साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे आले. त्याच शाखेचे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेस जे रुग्णालय उघडले, त्याचे नाव आपल्या जिल्ह्यातही घरोघरी माहीत आहे. उत्तरेकडील जालन्यास स्कॉटिश मिशनचे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी, निजामाचे दिवाण सालारजंग यांजकडून मिळालेल्या जमिनीवर, बेथेल नावाची शेतकरी वसाहत वसविली. १९२४ साली प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल या दोन्ही शाखा एका संयुक्त मंडळीत सामील झाल्या, आणि १९७० साली नागपुरास स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात त्यांचा समावेश झाला.

जालन्याच्या कामाचा पुढील भाग आपणांस विशेष जवळचा आहे. तेथील जमिनीखाली काळा पाषाण. विहीर खणणे खर्चाचे व बेभरवशाचे. १९६० नंतरच्या दशकात तेथील मिशनाने यंत्राने खोल बोअर घेण्याचे काम हाती घेतले. पाणी लागले, परंतु नवी अडचण उभी राहिली. त्या काळचे ओतीव लोखंडाचे हातपंप एका कुटुंबाच्या वापराजोगे होते. सबंध गाव दिवसभर दांडा मारू लागताच ते मोडत. तेव्हा जालन्यास सांधे कमी केलेला बळकट पोलादी पंप तयार झाला. पुढे सोलापुरास त्यात सुधारणा होऊन 'सोलापूर पंप' निर्माण झाला. तो घडविणारा कारागीर आपल्या अनुभवावरच शिकलेला होता. याच पंपाच्या पायावर १९७० नंतरच्या दशकात भारत सरकार व युनिसेफ यांच्या सहकार्याने 'इंडिया मार्क टू' हा हातपंप आखला गेला, आणि असे लक्षावधी पंप भारतात व आफ्रिकेत बसले. दुष्काळात पाणी पाजण्यापासून निघालेले काम मोडका पंप पुन्हा पुन्हा दुरुस्त करता करता या टोकास पोहोचले.

एक आक्षेप

'दुष्काळी ख्रिस्ती' हा शब्द आपल्या समाजात उपहासाने वापरला गेला आहे, आणि अन्नाच्या आमिषाने धर्मांतर झाले हा आक्षेप जुना आहे. १८९६-९७ व १८९९-१९०० या दुष्काळांत मिशनांनी शेकडो पोरकी मुले सांभाळली व ती ख्रिस्ती धर्मात वाढली, ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. उपाशी माणसाची संमती ही खरी संमती नव्हे, हे कायद्याचे तत्त्व येथेही लागू आहे. म्हणून अन्नदानास कोणतीही अट, कोणत्याही धर्माची, जोडली जाऊ नये हे आमचे स्पष्ट मत आहे.

परंतु त्या मुलांस दुसरे कोण घेणार होते, हाही प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. आपल्याच जिल्ह्यात पंढरपुरास प्रार्थना समाजाच्या लालशंकर उमियाशंकर यांनी १८७५ साली अनाथ बालकांचा आश्रम काढला. अशा संस्था गावोगाव असत्या तर आक्षेपास जागाच उरली नसती. दुसऱ्याच्या सेवेविषयी संशय घेण्याचा अधिकार स्वतः सेवा करणारासच शोभतो.

विनंती

येथील अवर्षण इतिहासजमा झालेले नाही. उजनीचे पाणी आले, ऊस वाढला. तरी २०१२-१३ व २०१५-१६ साली याच जिल्ह्यातील गुरांस चारा छावण्यांत व माणसांस टँकरच्या रांगेत उभे राहावे लागले. पाऊस पूर्वीइतकाच अनिश्चित आहे. म्हणून वरील विवेचनातून घेण्याजोगी चार कलमे आपणांपुढे ठेवितो.

१. देणगी दुष्काळात मागू नये. ती शाळूच्या खळ्यावर, बऱ्या सालात, ठरल्या दिवशी मागावी. जमीनदारांनी राशीतून व व्यापाऱ्यांनी आडतीतून एक ठरीव भाग त्या दिवशी काढावा.

२. प्रत्येक घरी मुठीचे मडके असावे, व ते महिन्यातून एकदा उचलले जावे.

३. गावाचे थोड्या थोड्या घरांचे भाग पाडून एकेकाची माहिती एकेका इसमाकडे असावी. हस्ताचा पाऊस चुकताच या सर्वांनी एकत्र बसून निराधारांची यादी करावी. जात व धर्म यांचा रकाना तीत नसावा.

४. द्रव्य सांभाळणारे व वाटणारे वेगवेगळे असावेत, आणि वर्षाचा हिशेब चावडीवर वाचून दाखवावा.

यांत कोणासही आपला धर्म सोडावा लागत नाही, की मोठी रक्कम एकदम द्यावी लागत नाही. लागते ती फक्त दरसाल न चुकण्याची शिस्त. यंदाच्या खळ्यावर पहिले माप आपल्या हातून निघावे, एवढीच आपणांस नम्र विनंती आहे.